पास्त्याच्या शेजारी पातोडी

डेट्रॉइटच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली, तेव्हा गणवेशातल्या त्या बाईला सगळ्यात आधी सापडलं तीन किलो बेसन. त्याच्याखाली काळ्या मसाल्याच्या चार पुड्या, सुकं खोबरं, तीळ आणि खसखस. तिनं एकेक पुडी उजेडात धरून पाहिली.

"हे सगळं कशासाठी?"

"नातवाचं नामकरण आहे. चाळीस माणसांचा स्वयंपाक करायचाय," मी शाळेत शिकवायचे त्याच इंग्रजीत सांगितलं.

तिनं बॅग नीट बंद करून दिली आणि अभिनंदनही केलं. आमचे हे तोवर दहा पावलांवर उभे राहून छताकडे बघत होते. माझ्या बॅगेशी आपला काही संबंध नाही, असा एकंदर आविर्भाव. सदतीस वर्षं मी तो ओळखते.

दोन हजार सहा सालचा ऑगस्ट होता. आमची सुजाता आणि जावई निखिल मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहतात. निखिल मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. त्याचं नाव ठेवायचं म्हणून आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलो होतो.

बेसनाचं कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शाळेतल्या बायांना मी घरी बोलवायचे, सुजाताच्या वाढदिवसाला, तिच्या बारावीच्या निकालाला, नवं घर बांधलं तेव्हाही. त्या यायच्या, छान साड्या नेसून यायच्या, भेटवस्तू आणायच्या. ताट समोर ठेवलं की म्हणायच्या, "अगं, माझा आज उपास आहे." सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, आठवड्यातला एक वार सुटला नाही. थंड पेय मात्र घ्यायच्या, कारण ते बंद बाटलीतून यायचं. तोंडानं कोणी कधी वावगं बोललं नाही, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

ट्रॉयमध्ये निखिलच्या ओळखीची मराठी घरं पंधरा-वीस. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळ्या जातींची. त्यांना मी माझ्या हातची पातोडी (बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत रस्सा) वाढणार होते आणि कोण जेवतं, कोण नाही, हे डोळ्यांनी बघणार होते. हट्ट म्हणा हवं तर.

ट्रॉय हे गाव आपल्याला कळतं तसं गाव नाही. चौक नाही, बाजारपेठ नाही. सहा पदरी रस्ता सरळ जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या छपरांची रेस्टॉरंट एकामागून एक लागतात. प्रत्येकापुढे आपल्या शाळेच्या मैदानाएवढी गाड्या लावायची जागा. बाहेरच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की मंगळवारी मुलं फुकट जेवतील, किंवा चौघांचं जेवण अमुक डॉलरांत. हे महागड्या हॉटेलांचं जग नव्हे. दिवसभर काम करून थकलेले आईबाप पोरांना घेऊन येतात, ती ही ठिकाणं.

तिसऱ्या दिवशी सुजाता आम्हाला अशाच एका ठिकाणी घेऊन गेली. लाल रेग्झिनची बाकं, टेबलावर कागदाचं आच्छादन, बाळाची गाडीतली सीट टेकवायला एक उंच खुर्ची आपणहून आणून दिलेली. शेजारी गॅरेजच्या निळ्या कपड्यांतले तिघं, त्यांच्या छातीवर नावं शिवलेली. पलीकडे कुठल्यातरी आजीचा वाढदिवस चाललेला. सुजातानं 'फॅमिली मील' मागवलं. म्हणजे वेगवेगळी ताटं नाहीत. पास्त्याचं एक भलंमोठं भांडं, सॅलडचं दुसरं, पावाची टोपली, आणि सगळं टेबलाच्या मधोमध. ज्यानं त्यानं आपापलं वाढून घ्यायचं. पाव संपला की फुकट परत मिळतो, हे कळल्यावर आमच्या ह्यांना अमेरिका एकदम पटली.

"अहो, चौथ्यांदा मागवू नका," मी हळूच म्हटलं.

"त्याच येऊन विचारून राहिल्या. मी काहून नाही म्हणू?"

येऊन विचारणाऱ्या बाईंचं नाव डॉना. तिथल्या मॅनेजर. साठीच्या आसपास, पांढरे केस आखूड कापलेले, कानावर पेन्सिल. निघताना त्यांनी न मागता दोन डबे आणले आणि उरलेला पास्ता स्वतः त्यात भरून दिला. उरलेलं घरी न्यायचं म्हणजे मला कसंतरीच वाटलं. डॉनाबाई मात्र नव्या साडीची घडी घालावी इतक्या निगुतीनं झाकण लावत होत्या. मी गाडीत तो डबा मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या आठवड्यात निखिल ऑफिसमधून येताना तिथूनच घरी भाजून घ्यायचं फॅमिली मील घेऊन आला. गार, कच्चं, पत्र्याच्या ट्रेमध्ये. ओव्हन आधी तापवा, मग ट्रे आत ठेवा, असं वर छापलेलं. सुजाता बाळाला घेऊन पडली होती. म्हटलं, इंग्रजी तर मला येतं. मी ओव्हनचं बटण फिरवलं आणि सॅलड चिरायला घेतलं.

अमेरिकेतल्या आपल्या पोरी ओव्हन भाजायला वापरत नाहीत हे मला कुठं ठाऊक. सुजाताच्या ओव्हनमध्ये दोन कढया होत्या, तवा होता, कुकरच्या रिंगा आणि प्लॅस्टिकची झाकणं होती. दहा मिनिटांत काळा धूर निघाला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. बाळ रडायला लागलं. हे सोफ्यावर चढून वर्तमानपत्रानं भोंग्याला वारा घालत होते.

"आई, तू काय करून राहिली?" सुजाता धावत आली.

"ओव्हनमध्ये भांडी ठेवतात का कोणी?"

"इथे सगळेच ठेवतात."

झाकणं वितळून तळाशी चिकटली होती. खिडक्या उघडून, भोंगा गप्प करून आम्ही बसलो, तेव्हा सुजाता म्हणाली, "आई, नामकरणाचं जेवण मी बाहेरून सांगते. डॉनाच्या इथूनच. ते ट्रे करून देतात."

"एका ओव्हनमुळे?"

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग मी मनातलं बोलले. म्हटलं, "माझ्या हातचं लोक खाणार नाहीत, याची तुला भीती वाटते. म्हणून बाहेरचं."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "हो, वाटते. सगळे जेवतील गं. पण एखाद्यानं जरी नाही म्हटलं ना, तर तुझं तोंड मला बघवणार नाही. लहानपणी खूप वेळा बघितलंय. सगळ्या गेल्या की तू ती ताटं परत भांड्यात ओतायचीस."

तिनं हे पाहिलं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उठून ओव्हन खरवडायला घेतला.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही मायलेकी डॉनाबाईंसमोर बसलो. दुपारच्या वेळी तिथे गर्दी नसते. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "माणसं किती?"

"चाळीस," सुजाता म्हणाली.

"पन्नास," मी म्हटलं. "कोणाचे आईवडील आलेले असतील, कोणी मित्राला आणेल."

डॉनाबाईंनी मुलं किती, म्हातारी माणसं किती, इतर काय पदार्थ, दुपार की संध्याकाळ, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "पास्त्याचे दोन मोठे ट्रे, भाज्यांच्या लझान्याचा (थर लावून भाजलेल्या पास्त्याचा) एक, सॅलड आणि पाव. तुम्ही म्हणताय तेवढं घेऊ नका, वाया जाईल." विकणारं माणूस गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

श्रावण होता, त्यामुळे सगळं शाकाहारी हवं होतं. सॉसमध्ये मांसाचं पाणी तर नाही ना, असं मी तीनदा विचारलं. डॉनाबाई आत गेल्या आणि सॉसचा रिकामा डबा नि त्यांचा आचारी, दोघांनाही बाहेर घेऊन आल्या. मी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होते आणि आचारी हात पुसत शांतपणे उभा होता.

सुजाता पैसे द्यायला काउंटरकडे गेली. डॉनाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला स्वतः करायचं होतं ना सगळं?"

"कशावरून?"

"इथे जेवण सांगायला मुली येतात, तेव्हा बरोबरच्या आया असाच चेहरा करून बसतात." मग मला विचारलं, "तुमचा कुठला पदार्थ चांगला होतो?"

मी पातोडी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. पण त्या उठल्या आणि त्यांच्याच ट्रेसारखा एक रिकामा ट्रे, तारेची घडवंची, खाली पाणी ठेवायचा पसरट ट्रे आणि पदार्थ गरम राहावा म्हणून खाली पेटवायच्या, जेलीसारख्या इंधनाच्या दोन डब्या माझ्यासमोर आणून ठेवल्या. म्हणाल्या, "तुमचा पदार्थ यात, आमच्या ट्रेंच्या मधोमध ठेवा. बाजूला वेगळा ठेवू नका. बाजूला ठेवलेलं लोकांना दिसत नाही." पाहुण्यांना उरलेलं घरी न्यायला वीस रिकामे डबेही दिले. या कशाचेही पैसे त्यांनी लावले नाहीत. त्या बाईला माझ्या आयुष्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं, तरी नेमकं काय द्यायचं ते तिला कळलं. मला भरून आलं. मी नुसतं थँक्यू म्हटलं, इंग्रजीत त्याहून मोठं काही सुचेना.

सुजाता परत आली आणि ट्रे बघून म्हणाली, "बरं. एकच पदार्थ. पण मग कोणाच्या हातचा ते लिहून ठेवायचं."

शनिवारी दुपारी त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव सम्यक ठेवलं. हॉलच्या भिंतीलगत टेबल मांडलं होतं. डॉनाबाईंच्या माणसानं ट्रे लावून, खालच्या डब्या पेटवून, प्रत्येक ट्रेपुढे नाव लिहिलेलं छोटं कार्ड उभं केलं होतं. मधल्या ट्रेपुढे सुजाताच्या अक्षरात मराठी कार्ड होतं: 'पातोडी, आईच्या हातची'. आता लपायला जागा नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

रांग लागली. पुढे चौघं विद्यार्थी होते, जवळच्या विद्यापीठात संशोधन करणारे. पहिल्यानं झाकण उचललं आणि वास घेऊन मागच्याला म्हणाला, "यार, हा घरचा रस्सा आहे." त्यांनी पास्त्यावरच पातोडीचा रस्सा ओतून घेतला. मी डोळे मिटून घेतले, पण ते बोटं चाटत होते. एक छोटी मुलगी आईला म्हणाली, "इट्स टू स्पायसी, पण मला अजून पाहिजे." लोक वाढून घेत होते, एकाच पळीनं, पास्त्याचं आणि माझं. मुंबईची एक सून दुसऱ्यांदा आली. मी मोजणार होते कोण घेतं, कोण नाही. थोड्या वेळानं मोजायचं विसरले.

मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या काकू दिसल्या. निखिलच्या मित्राची आई, पुण्याची, पंचाहत्तरीची. सगळेच त्यांना जोगळेकर काकू म्हणत. हात मांडीवर ठेवून त्या रिकाम्याच बसल्या होत्या. मी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"काकू, वाढू ना?"

"नको हो," त्या म्हणाल्या. "माझा आज उपास आहे."

पन्नास माणसांत एकोणपन्नास जेवत होती आणि मला तेवढं एकच वाक्य ऐकू येत होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सुजाता हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसले, बऱ्यापैकी हसले असावे, आणि ताट घेऊन आत आले. हे मागोमाग आले.

"काय झालं?"

"उपास."

ह्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि ओट्याशी उभं राहून स्वतः जेवायला लागले. चाळीस मिनिटांपूर्वी त्यांचं एक जेवण झालं होतं.

पाहुणे निघायला लागले तेव्हा मी डबे भरत होते. कोणी पास्ता मागत होतं, कोणी रस्सा. तेवढ्यात काठी टेकत काकू आत आल्या.

"अहो सुजाताच्या आई, मलाही एक डबा भरून द्या. संकष्टी आहे आज. चंद्रोदय इथे रात्री दहाच्या सुमाराला, तोवर काही चालायचं नाही. सून म्हणते की तुमची पातोडी तिखटजाळ आहे. पण मगापासून वास येतोय, बसवत नव्हतं."

"कांदा-लसूण आहे त्यात," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्यांना सुटायला एक वाट करून दिली असावी.

"तो मी सोडलेला नाही, आणि सोडवणारही नाही."

मी डबा भरला. वड्या चांगल्या शोधून घातल्या. खरं सांगते, भरताना मनात हेच होतं की हा डबा जाईल रस्त्यातल्या कुठल्यातरी कचऱ्याच्या पेटीत. बंद बाटलीतून पिणाऱ्या बाया मी फार पाहिल्या होत्या. तरी झाकण मी डॉनाबाईंसारखंच नीट दाबून लावलं.

पुढचे दोन दिवस मी त्याबद्दल कोणाशी बोलले नाही. मंगळवारी सकाळी दाराची घंटा वाजली. मुलाच्या गाडीतून काकू आल्या होत्या. मुलगा खालीच थांबला. त्यांच्या हातात तो डबा होता, एकदा वापरून टाकून द्यायचा, पातळ प्लॅस्टिकचा. त्यांनी तो घासून, पुसून आणला होता आणि आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती मला लहानपणापासून माहीत आहे. पण तशा घरातून माझं भांडं भरून येण्याची वेळ कधी आली नव्हती, कारण मुळात ते तिथे गेलंच नव्हतं.

"डोळ्यांतून पाणी आलं हो," काकू बसता बसता म्हणाल्या. "साधा भात लावला आणि त्यावर घेतली. वाटणात खसखस होती का? मी सुनेला म्हटलं खसखस, ती म्हणाली शेंगदाणा."

"खसखस," मी म्हटलं. "नागपूरहून आणलेली." आणि मग मला राहवलं नाही. "काकू, मला वाटलं होतं तुम्ही टाकून द्याल. उपास म्हणालात ना, तेव्हाच वाटलं."

त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. सुजाता चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"वाटलं असेल," काकू म्हणाल्या. "मी नोकरी करत होते तेव्हा आमच्या ऑफिसात एक तुमच्यातल्या बाई होत्या. त्यांनी घरी बोलावलं होतं. मी आणि आणखी तिघी गेलो, आणि उपास आहे म्हणून सांगितलं. कसला उपास, घरून जेवून गेलो होतो. त्यांना कळलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत." त्यांनी चहाचा कप घेतला. "शनिवारी तुमचा चेहरा बघितला आणि त्याच आठवल्या. म्हणून डबा मागायला आत आले. आणि उपास खरंच होता हो."

मी त्यांच्या वड्यांतली एक उचलली आणि खाल्ली. गोड जरा जास्तच होती. मी तसं सांगितलं. काकू हसल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही डॉनाबाईंकडे जेवायला गेलो, काकूंना बरोबर घेऊन. सगळ्यांसाठी मधोमध एकच मोठं भांडं आलं. काकूंनी पळी उचलली आणि आधी मला वाढलं, मग स्वतःला. ह्यांचं पावाच्या टोपलीवर लक्ष होतं. डॉनाबाई टेबलाशी आल्या आणि विचारलं, "तुमचा पदार्थ उरला का?" मी म्हटलं, "ट्रे घासून परत आणलाय." त्यात त्यांच्यासाठी पातोडी होती. त्यांनी तिथेच एक वडी तोंडात टाकली, लालबुंद झाल्या, दोन पेले पाणी प्यायल्या आणि दुसरी वडी घेतली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता नागपुरात येऊन महिना झाला. कोणी ना कोणी येतं आणि विचारतं, अमेरिकेत काय काय पाहिलंत? हे सगळ्यांना नायगाऱ्याचे फोटो दाखवतात आणि फुकटच्या पावाची गोष्ट सांगतात. मी सांगते, मी एका बाईचा खरा उपास पाहिला. लोकांना वाटतं, म्हातारी थट्टा करते आहे. मी त्यांना बसायला सांगते आणि जेवायला वाढते.